धुऱ्यावर उभा बाबू

मे महिन्यातलं लग्न. वरात दोन तास उशिरा, नवरदेव घोड्यावर वाळून चाललेला आणि पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेला डीजे. मी मांडवाच्या कडेला मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभा होतो. दोन-तीन हिंदी गाणी झाली आणि त्या धडधडीतून एकदम एका म्हाताऱ्या बाईचा कोरडा, किंचित नाकातला आवाज वर आला.

बाई चिखलात पाय माहा, धान ओळीनं रोवला
धुऱ्यावर उभा बाबू, त्यानं मोबाइल लावला

‘मोबाइल लावला’वर पोरांनी हात वर केले. ती ओळ कुणीतरी कापून, फिरवून, चार-चार वेळा वाजवली होती. खाली ढोलकीचा ठेका, वर मधूनच भोंगा. मी ग्लास खाली ठेवला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा असलेला तो बाबू मीच होतो, आणि तो आवाज माझ्या मोठीमायचा, म्हणजे थोरल्या काकूचा होता.

त्याच्या आदल्या जुलैतली गोष्ट. आमचं गाव गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वडशाकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनच्या अंगाला. सगळा धानाचा मुलूख. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बाया वाकून ओळीनं मागे सरकत जातात, हातात पऱ्ह्यांची पेंडी, आणि एक जण गाणं उचलते. मोठीमायनं उचललं की हात आपोआप चालतो, म्हणून गुत्त्यानं रोवणा घेणाऱ्या बाया तिला आधी निरोप धाडतात. तिचं गाणं कुठं लिहिलेलं नाही. पालुपद जुनं, तिच्या सासूकडून आलेलं. मधली कडवी ती समोर दिसेल त्यावर जोडत जाते. बगळा दिसला तर बगळा, सून रुसली असली तर सून. त्या दिवशी धुऱ्यावर मी मोबाइल धरून उभा होतो, तर मी. अकरा मिनिटांचा व्हिडिओ झाला. रात्री यूट्यूबवर चढवला. माझ्या चॅनलला सव्वातीनशे सबस्क्रायबर, त्यातले निम्मे गावचे. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं लागतं, त्यामुळे पैशाचा विषयच नव्हता.

लग्नातून घरी आलो तेव्हा खरं तर मला राग आला नव्हता. उलट थोडी फुशारकीच वाटली. वरातीत गाणं वाजवणं हा तसाही गुन्हा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची वरात त्यातच धरली आहे. आमच्याकडच्या निम्म्या डीजेवाल्यांना हे माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना कायदा आहे हेच माहीत नाही.

सप्टेंबरात मेल आला. मोठीमायच्या व्हिडिओवर कॉपीराइट दावा. कुणाच्या तरी मालकीचं गाणं मी वापरलंय म्हणे. जोडलेल्या दुव्यावर टिचकी मारली तर तोच वरातीतला डीजे मिक्स. ज्यानं तो बनवला त्यानं एका ऑनलाइन वितरकाकडून सगळ्या ॲपवर सोडला होता, तिथून त्याचा ध्वनी यूट्यूबच्या जुळवणी यंत्रणेत गेला. ती यंत्रणा २००७ पासून आहे. तिला कान आहेत, अक्कल नाही. दोन आवाज सारखे आहेत एवढं तिला कळतं; आधी कोण, मागून कोण, हे तिच्याकडे ज्यानं नाव नोंदवलं त्याच्या बाजूनं ठरतं. मोठीमायचा आवाज मोठीमायच्या आवाजाशी जुळला, म्हणून मोठीमाय चोर.

मी तिला सांगितलं तेव्हा ती अंगणात कुटार गोळा करत होती.

“माहा आवाज त्याइचा कसा झाला गा, बाबू?”

याचं उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण या गोष्टीत मी धुतल्या तांदळासारखा नाही. माझं दुकान ‘ऑनलाइनचं’. सातबारा, केवायसी, धान विक्रीची नोंदणी, दाखले, झेरॉक्स. पण दुकान सुरू झालं ते एका पाटीवर: ‘मेमरी कार्डात गाणे भरून मिळतील’. दोन जीबीच्या कार्डाला वीस रुपये, पिक्चर हवा असेल तर वर दहा. वडशाहून एका मित्राकडून हार्ड डिस्क आणायची आणि भरत बसायचं. कलम ६३ खाली या धंद्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे, हे मी पाटी उतरवल्यावर वाचलं. पाटी उतरली ती कायद्यामुळे नव्हेच, डेटा स्वस्त झाला म्हणून. दावा आल्याचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्षणभर वाटलं, त्या वीस-वीस रुपयांचा हिशेब आता निघाला.

दुकानात ज्यानं त्यानं एकच सल्ला दिला. काढून टाक. मोठीमायचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, तर घाबराच झाला. “केस होईन गा. कायले लफड्यात पडतं? म्हातारीले कोर्टात नेशीन का?”

त्याला मी दोष देत नाही. ही भीती आमच्याकडे मोबाइलबरोबरच आली. दर काही महिन्यांनी, विशेषतः निवडणूक किंवा कोर्टाचा मोठा निकाल तोंडावर आला की, एक संदेश फिरतो: उद्यापासून व्हॉट्सॲपचे नवे नियम, सगळे कॉल रेकॉर्ड होणार, दोन निळ्या अन् एक लाल टिक दिसली तर सरकार कारवाई करू शकतं, तीन लाल टिका म्हणजे कारवाई सुरू. हा संदेश साफ खोटा. पण ‘तीन लाल टिका’ म्हटलं की आमच्या गावात सरपंचापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी गावच्या ग्रुपवर एकानं उमेदवार बाईचा फोटो जोडाजोड करून टाकला, खाली घाणेरडं लिहून. ग्रुपचा ॲडमिन एक विशीतला पोरगा, टमाट्याची गाडी लावतो. तो रात्री साडेनऊला माझ्या दुकानाचं शटर ठोकत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पहिला आत जातो तो ॲडमिन. मी त्याला पाणी दिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल मोबाइलवर उघडून दाखवला. ते प्रकरण तर आमच्याच गोंदिया जिल्ह्यातलं. ग्रुपमधल्या एका माणसानं एका बाईला अर्वाच्य लिहिलं, ॲडमिननं त्याला ना काढलं ना माफी मागायला लावली, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. न्यायालयानं म्हटलं, ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं. कोण काय लिहील हे त्याला आधी कळत नाही, थांबवताही येत नाही. दोघांचा मिळून बेत होता असं दिसलं तरच तो अडकेल, नुसत्या ॲडमिनपणासाठी नाही. गुन्हा रद्द झाला.

आमच्या जिल्ह्यातून उठलेला निकाल, आणि आमच्या गावात त्याचं एक अक्षर पोचलं नाही. तीन लाल टिका मात्र घरोघरी.

अर्थात पोराला मी हेही सांगितलं की ज्यानं फोटो टाकला त्याची सुटका नाही. अश्लील मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ज्यांनी तो ‘आला तसा पाठवला’ म्हणून पुढे ढकलला त्यांनीही छाती फुगवून फिरू नये. मद्रास उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय की पुढे पाठवणं म्हणजे मजकूर मान्य करून दुजोरा देणं. पोरानं ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर केला, फोटो टाकणाऱ्याला काढलं, आणि त्या बाईच्या घरी जाऊन पाया पडून आला. हे शेवटचं त्याला मी सांगितलं नव्हतं.

भीती अगदीच हवेतली नाही, हेही कबूल करायला हवं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून अटक झाली होती. एकीनं लिहिलं, दुसरीनं लाइक केलं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. तरी त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले, इतके की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, हे कलम मेलंय. मेलेल्या कलमाखाली जिवंत माणूस आत जातो म्हटल्यावर माझ्या चुलतभावानं ‘काढून टाक’ म्हटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

पण मी काढलं नाही. कारण तोवर मी मोठीमायच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो होतो आणि ते मजेदार निघत होतं.

पालुपद जुनं, रचणारीचं नाव कुणाला ठाऊक नाही. ते कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं. त्यावर डीजेवाल्याचा हक्क नाही, तसा माझाही नाही. पण मोठीमायनं जागेवर जोडलेली कडवी तिची. मी मोबाइलवर पकडली म्हणून ती टिकली, तरी शब्द तिचे. आणि गाणारीचा म्हणून वेगळा हक्क कॉपीराइट कायद्यात आहे, कलम ३८. गायलं त्याच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षं. त्र्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला कायद्यानं आणखी पन्नास वर्षं दिली आहेत हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, “सरकारले सांग, एवढी नोको.” रेकॉर्डिंग तेवढं माझं, कारण ते करणारा मी.

यातलं काहीही कुठं नोंदवावं लागत नाही. रचलं, गायलं, की हक्क झाला. नोंदणी ऐच्छिक आहे, नाटक-कवितेसाठी पाचशे रुपये फी. हे मी ज्या एका माणसाला फार उशिरा सांगितलं तो झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचा नाटककार. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे दिवस येतात, बैलांचे शंकरपट भरतात आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. वडशाला नाटक कंपन्यांची दुकानंच आहेत, तिथून तारखा घ्यायच्या. या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या दुकानात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. हा नाटककार माझ्याकडे टायपिंगला यायचा. शाळेच्या वहीत लिहिलेलं नाटक, समासात ‘इथे टाळी’ असं लाल पेनानं. कंपनीला ते ठोक रकमेत द्यायचा. कागद कुठला? ‘शब्दावर’.

आता नाटकाला आलेला पोरगा पहिल्या रांगेतून अख्खं नाटक मोबाइलवर घेतो आणि सकाळी चढवतो. दुसऱ्या गावचा प्रयोग लागायच्या आत त्या गावानं शेवट पाहिलेला असतो. एकदा नाटककार स्वतःचंच नाटक माझ्या कॉम्प्युटरवर बघत बसला, खालचे लाखभर व्ह्यू मोजत. त्याला म्हटलं, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांतच तो परत येतो. म्हणजे तुमचं सगळं अजून तुमचंच आहे, कारण तुम्ही लिहून काहीच दिलं नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिसऱ्या अंकातलं गाणं मात्र पिक्चरचं आहे हो. ते कोणाले विचारलं नव्हतं.” आम्ही दोघंही हसलो. माझी मेमरी कार्डाची पाटी त्यालाही आठवत होती.

याच रेल्वेलाइनवर पुढं नागभीड लागतं. त्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी जपून, वर्षानुवर्षं निवडून धानाचं वाण काढलं. त्याला नाव पडलं मनगटावरच्या घड्याळाचं, एचएमटी. पुढे नव्वदच्या दशकात कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी आलं, आणि दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले की श्रेय आपल्याला मिळालं नाही. शेतकऱ्याच्या वाणाला मालकी देणारा कायदा २००१ सालचा. तोवर त्यांचं धान किती ताटांत जाऊन आलं असेल. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. आमच्या घरी तोच तांदूळ शिजतो. किराणा दुकानात ‘एचएमटी द्या’ म्हणताना मला अलीकडे ते आठवतात. पूर्वी नुसतं घड्याळ आठवायचं.

असो. मी हरकत नोंदवली. अर्जात कारण निवडायचं असतं, मग दोन ओळी लिहायच्या, मग एक दमदाटीचा मजकूर येतो की खोटी हरकत घेतली तर चॅनल जाईल. तो वाचताना माझं बोट अडखळलं, कबूल करतो. पुरावा म्हणून मी तेच कडवं लिहिलं. दावेदाराच्या गाण्यात ‘धुऱ्यावर उभा बाबू, त्यानं मोबाइल लावला’ ही ओळ आहे. तो बाबू मी आहे. तो मोबाइल हा आहे, ज्यावरून हा अर्ज भरतोय. व्हिडिओची तारीख त्यांच्या गाण्याच्या दहा महिने आधीची आहे.

समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. त्या तीस दिवसांत आमचं हलकं धान कापून झालं, भारे बांधून झाले, बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहिले. चुलतभाऊ रोज संध्याकाळी येऊन ‘आली का केस?’ विचारायचा. शेवटी एका सकाळी एका ओळीचा मेल आला: दावा मागे घेण्यात आला आहे. ना सॉरी, ना कुणाचं नाव.

मिक्स मात्र बाकी ॲपवर तसाच होता. तो खाली आणायचा तर आता नोटीस मी द्यायची. आपल्या नियमांप्रमाणे तशी तक्रार गेल्यावर ॲपवाल्यानं छत्तीस तासांत मजकूर बंद करायचा, आणि एकवीस दिवसांत मी कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करायला मोकळा. अर्ज मी तयार केला, पण सही तिची हवी होती. ती घेऊन गेलो. मोठीमाय सुपात नवा तांदूळ पाखडत होती. तिनं पहिल्यांदा तो मिक्स पूर्ण ऐकला, कानाला मोबाइल लावून, डोळे मिटून. पोरं नाचतात हे ऐकून तिला बरंच वाटलं. ‘नाचू दे’ म्हणाली. मग एकदम म्हणाली, “माहं कडवं कुठं गेलं?”

“कोणतं?”

तिनं नुसतं म्हणून दाखवलं, सूर न लावता.

पाटाचं पानी सोडाले गेला, कंदील होता हाती
पानी आलं बांधीमंधी, धनी आला नाही राती

माझे मोठेबाबा पाटाचं पाणी वळवायला रात्री गेले होते. सापानं धरलं. सकाळी बांधी भरलेली होती आणि ते धुऱ्यावर होते. मी तेव्हा दुसरीत होतो. ती हे कडवं दर रोवण्याला म्हणते, एकदाच, आणि मग लगेच बगळ्यावर किंवा सुनेवर काहीतरी जोडून बायांना हसवते. माझ्या अकरा मिनिटांत ते सातव्या मिनिटाला आहे. डीजेवाल्यानं ते कापलं. ठेक्यात बसलं नसेल.

“नाव नको टाकू म्हन त्याले माहं,” ती म्हणाली, “पन ते कापलं कायले? ते चालते का कायद्यात?”

मला माहीत होतं. गाणाऱ्याचं नाव लावायचा, आणि त्याच्या गाण्याची मोडतोड झाली तर अडवायचा हक्क कलम ३८ ब मध्ये आहे. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे: संपादनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी नुसता एखादा भाग काढला तर त्यानं गाणाऱ्याच्या लौकिकाला बाधा आली असं धरायचं नाही. तिचा आवाज चोरला, त्याला कायदा आहे. शब्द चोरले, कायदा आहे. नाव गाळलं, कायदा आहे. मोठेबाबा गाळले, चालते.

मी तिला तसंच सांगितलं. तिनं सूप एकदा झटकलं, कोंडा अंगणात उडाला.

म्हटलं, मोठीमाय, तेवढं एक कडवं आता म्हण, मी घेतो, वेगळं टाकू. मोबाइल काढलाही.

“आता नाही येत गा,” ती म्हणाली. “चिखलात पाय असला तं येते. आखाडात ये.”

अर्ज अजून दुकानात टेबलाच्या खणात आहे, सहीची जागा कोरी.